नावाड्याचं आवतण

१

माझ्या आईचे वडील नाईल नदीवर नाव चालवायचे. भर पाण्यातून जाताना नावाडी जेवायला बसले, की काठावर दिसेल त्या माणसाला हाक मारायचे, "या हो, दोन घास खाऊन जा." काठावरचा माणूस छातीवर हात ठेवून म्हणायचा, "तुमच्या भाकरीला बरकत येवो." तो येऊ शकत नाही हे दोघांनाही ठाऊक असायचं. तोवर नाव पुढं गेलेली असायची. अगत्यही व्हायचं आणि भाकरीही वाचायची. आमच्याकडं तोंडदेखल्या बोलावण्याला अजून नावाड्याचं आवतण म्हणतात.

आई, म्हणजे इन्साफ, आता ब्याऐंशीची आहे. बापाचं अगत्य तिनं जसंच्या तसं उचललं, फक्त तिची नाव हलत नाही. दारात कोणीही येवो, वीजमीटर बघणारा, चुकून बेल दाबणारा, ती म्हणणार, "या, बसा, घर तुमचंच आहे." आणि तो खरंच बसतो. मी घरी येते तेव्हा परका माणूस आमच्या कोचावर चहा पीत असतो आणि त्याच्या मुलीच्या लग्नाची सगळी हकीकत आईला पाठ झालेली असते. मी कितीदा रागावले. तिचं एकच उत्तर, "म्हणायला काय जातं पोरी?"

दोन वर्षांपूर्वी तिच्या कमरेचं हाड मोडलं. तेव्हापासून ती चौथ्या मजल्यावरून खाली उतरलेली नाही. तिला वाकता येत नाही, त्यामुळं तिचे नाडीचे बूट पलंगाखाली धूळ खात पडलेत. गीझाच्या फैसल भागातल्या आमच्या गल्लीत इमारती एवढ्या चिकटून, की समोरच्या बाईनं कांदा चिरला तर डोळे आमचे चुरचुरतात. ऊन घरात येतच नाही. आई दुसरी कसलीच तक्रार करत नाही, एवढीच करते. म्हणते, पायांवर थोडं ऊन मिळालं असतं तर बरं झालं असतं.

मी नजवा. लग्न टिकलं नाही, मूल झालं नाही. मला ती एकटीच आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मी पुढं जे कबूल केलं त्याचं कोणाला नवल वाटणार नाही.

२

सव्वीस वर्षं मी गाईड आहे. एका दिवसाची फेरी: सकाळी गीझाचे पिरॅमिड, मग साक्काराचा पायऱ्यांचा पिरॅमिड आणि तिथली थडगी, जेवण, मग मेम्फिस, संध्याकाळी हॉटेल. त्याच दगडांपाशी तेच विनोद. दगडांनाही पाठ झाले असतील, पण बिचारे हसल्यासारखं करत नाहीत. पाहुणे तेवढं तरी करतात.

त्या दिवशी पोर्तुगालहून आलेले पाच निवृत्त शिक्षक होते. त्यांच्यात लुर्देस नावाच्या एक बाई होत्या. प्रत्येक गोष्टीला "का" विचारायची त्यांना सवय होती. गाडी उस्ता फव्वाजची. उस्ता म्हणजे गाडी हाकणारा; हा आमचा उस्ता नऊ वर्षं माझ्याबरोबर आहे आणि नऊ वर्षं माझी तीच बडबड ऐकून पेंगतो आहे. जानेवारी होता. थंड वारा सुटला होता आणि माझे गुडघे सकाळपासूनच ठणकत होते.

साक्काराला एक लहानसं थडगं आहे. तिथं गर्दी नसते म्हणून मी पाहुण्यांना तिकडं नेते. आत वीज नाही. रखवालदार शाजलीकाका दारात हातभर लांब आरसा घेऊन उभे राहतात आणि ऊन आत टाकतात. पहिली खोली त्यात छान उजळते. पुढं वाट काटकोनात वळते आणि दुसरी खोली लागते. पूर्वी त्या वळणावर जाबर नावाचा दुसरा रखवालदार चांदीचा कागद चिकटवलेली फळी धरायचा, आणि ऊन वळून दुसऱ्या खोलीत जायचं. मागच्या वर्षी जाबर गावी निघून गेला. तेव्हापासून दुसरी खोली अंधारातच असते.

गाईडनं थडग्याच्या आत बोलायचं नाही असा नियम आहे. मी बाहेर सगळं सांगते आणि पाहुण्यांना आत पाठवते. खरं सांगायचं तर मला हा नियम फार आवडतो. किती वर्षांत मी कुठल्याच थडग्यात पाऊल टाकलेलं नाही. गुडघ्यांचं निमित्त आहे, पण आतला तो कोरडा, न हलणारा वारा मला पहिल्यापासून सोसत नाही.

पाचही जण बाहेर आले. शाजलीकाकांनी आरसा भिंतीला टेकवून ठेवला. लुर्देसबाई हात झटकत माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, की दुसरी खोली पहिलीपेक्षा सुंदर आहे. भाकऱ्यांच्या टोपल्या घेऊन चाललेली माणसं, बदकं, सगळं अगदी स्पष्ट दिसलं. वळणावर उजेड धरणारे गृहस्थ फारच सभ्य. त्यांना काही द्यावं म्हणून त्यांनी पर्स उघडली, तर त्या गृहस्थांनी घेतलं नाही.

मी "हो, हो" म्हणून त्यांना गाडीकडं पाठवलं. साक्कारात बक्षीस न घेणारा माणूस! तिथंच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. पण सकाळी सहापासून मी उभी होते आणि मला फक्त बसायचं होतं.

३

शाजलीकाका आणि मी नेहमी दोन घास बरोबर खातो. भाकरी, उकडलेल्या घेवड्याचं कालवण, पांढरं चीज, कांद्याची पात. मी थडग्याच्या दाराकडं पाठ करून दगडावर बसले. पाहुणे फव्वाजबरोबर उतार उतरून गाडीपाशी पोचले होते. त्यांच्या टोप्या मला इथून दिसत होत्या.

पाठीमागं, आतून, कोणीतरी खाकरलं.

आमच्याकडं परक्या घरात शिरताना पुरुषमाणूस उंबऱ्याबाहेर खाकरतो, म्हणजे घरातल्या बायकांना सावरून बसायला वेळ मिळतो. अगदी तसं, हलकं आणि अदबीचं. कोरडं मात्र फार होतं. मी वळलेसुद्धा नाही. हातात घास होता, आणि तोंडातून आपोआप गेलं, "या, बसा. दोन घास खा आमच्याबरोबर." नेहमीचं शेपूटही त्याला लागलं, "घर तुमचंच आहे, कधीही या."

शाजलीकाकांचा चावता चावता जबडा थांबला.

"कोणाला बोलावलंस?" त्यांनी विचारलं.

"आत कोण आहे त्याला. तुमचा नवा माणूस."

"माझा नवा माणूस नाही," ते म्हणाले. "आत कोणीच नाही."

मी वळून पाहिलं. दारातून दोन हात अंतरावर ऊन संपत होतं. त्यापलीकडं काही दिसत नव्हतं. खडीवर पाऊल पडल्यासारखा एक आवाज आला आणि तोही थांबला. माती ढासळते, वटवाघळं असतात, शेजारच्या खड्ड्यात काम करणाऱ्यांचे आवाज भिंतीतून येतात. हे सगळं मी पाहुण्यांना सांगते, तसंच मनातल्या मनात स्वतःलाही सांगितलं.

शाजलीकाकांनी आरसा उचलून वाळूवर पालथा घातला. उरलेली भाकरी फडक्यात बांधली, तीही माझ्याकडं न बघता.

"आत जाताना आम्ही सलाम करतो, पोरी. तेवढं करावंच लागतं," ते म्हणाले. "पण तीस वर्षांत त्या दाराकडून आवाज आला म्हणून कोणाला ये म्हटलेलं नाही. तुझ्या आजाची नाव थांबत नव्हती, म्हणून त्याला ते खपलं. आता तू कुठं थांबू नकोस."

मला हसू आलं. थांबू नकोस म्हणे. माझा धंदाच जागोजागी थांबण्याचा आहे.

४

जेवायची जागा रस्त्यालगत, ताडपत्रीच्या मांडवात होती. दारात बाया मातीच्या भट्टीत भाकऱ्या भाजत होत्या. लांब टेबलाच्या एका बाजूला तिघं बसले, समोर दोघं, आणि लुर्देसबाईंच्या डाव्या हाताची खुर्ची रिकामी. त्या सुट्ट्यांबद्दल, नातवंडांबद्दल बोलत होत्या. बोलता बोलता त्यांनी गरम भाकरी मोडली, अर्धी स्वतःच्या ताटात ठेवली आणि अर्धी न बघताच डावीकडं दिली.

मी बघत होते. भाकरी त्यांच्या हातातून गेली. खाली पडली नाही. टेबलावर नव्हती, खुर्चीवर नव्हती. लुर्देसबाईंनी बोटांना लागलेलं पीठ रुमालाला पुसलं आणि गोष्ट पुढं चालू केली. "का" विचारणाऱ्या बाईला काहीच खटकलं नाही. मलाही भाकरी कुठं गेली हे नीट दिसलं नाही, मधे वाढपी आला होता. वाढप्यानं सगळ्यांना चहा दिला आणि त्या रिकाम्या जागेपुढंही एक भरलेला पेला ठेवला. मोजणीत चूक झाली असेल, होते कधी. मी तो पेला परत द्यायला उचलला तर तो रिकामा होता.

मी स्वतःला समजावलं, की नजवा, तू दमली आहेस. सव्वीस वर्षं दमलेली बाई काहीही बघू शकते.

गाडीत बसलो तेव्हा आईच्या औषधांची आठवण झाली. मी औषधांच्या दुकानात फोन लावला. तिथं नवीन माणूस होता, त्याला पत्ता माहीत नव्हता. मी सांगितला. फैसल, उसाच्या रसाच्या दुकानाच्या वरची इमारत, चौथा मजला, डावीकडचं दार. लिफ्ट बंद आहे, जिन्यानं या. आई एकटीच असते, दाराला आतून कडी नसते, नुसतं ढकला.

माझ्या मागच्या रांगेत कोणीतरी खाकरलं. हलकं, अदबीचं, कोरडं.

पाचही जण पुढच्या रांगांत होते. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते आणि लुर्देसबाई तर घोरत होत्या. मी फोन मांडीवर ठेवून बसून राहिले. फव्वाजनं आरशातून माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "सर्दी झाली का हो मदाम?"

५

मेम्फिसला मी नेहमी आधीच माफी मागते. पाहुण्यांना वाटतं राजधानी म्हणजे वाडे, बुरूज, वेशी. प्रत्यक्षात खजुराची बाग, चार दगड, आणि एका इमारतीत उताणा पडलेला राजाचा अवाढव्य पुतळा. पाय तुटले म्हणून त्याला उभं करता येत नाही. सज्ज्यातून वाकून त्याच्या तोंडाकडं बघायचं. हजारो वर्षं नांदतं शहर होतं हे, मी सांगते, आणि लोक खजुराच्या झाडांकडं बघतात.

बोलताना मी कान पाठीमागं लावून ठेवले होते. काहीच ऐकू आलं नाही. सज्जा फिरून झाला, बाग फिरून झाली, तरी नाही. गाडीत मी मुद्दाम मागच्या रांगेत जाऊन बसले. काही नाही. गेलं, मला वाटलं. कुठंतरी उतरलं, किंवा मुळात नव्हतंच. मला इतकं हलकं वाटलं, की मी पाहुण्यांना उंटाचा तो जुना विनोद पुन्हा सांगितला आणि ते दुसऱ्यांदाही हसले.

मग मी घरी फोन केला. आईचा आवाज सणावारासारखा खुशीत होता.

औषधं आली का, मी विचारलं. ती म्हणाली, औषधवाला अजून आला नाही, पण तुझे पाहुणे मात्र आले. तू बोलावलंस म्हणाले. फार मोठ्या घरचे दिसतात, आल्यापासून मान वर करून माझ्याकडं बघितलं नाही. चहा दिला, बिस्किटं दिली.

"आई, त्याला जायला सांग," मी म्हणाले.

"असं कसं सांगू? बाई, तुला काय सांगू, त्यांनी घरातल्या बोळातला आरसा काढून गच्चीच्या दारात धरलाय. वरून कुठून तरी ऊन घेतलंय. माझ्या पायांवर ऊन आलंय, नजवा. किती वर्षांनी."

तिच्या आवाजामागं, आमच्या बैठकीच्या खोलीत, कोणीतरी खाकरलं.

"आणि ऐक," आई म्हणाली, "त्यांनी आपल्याला उलट आवतण दिलंय. त्यांचं घर लांब नाही, जागा भरपूर आहे म्हणाले. मी म्हटलं, येऊ की, नक्की येऊ. म्हणायला काय जातं?"

६

उरलेली फेरी मी उरकली. कोणी म्हणेल सगळं सोडून धावायचं होतं. कशानं धावणार? गाडी एक, रस्ता एक, आणि कालव्याकाठच्या त्या रस्त्यावर गाढवगाडीही आपल्या पुढं जाते. फोन पुन्हा लावला तर लागेना. शेजारच्या उम्म वजदीला केला, तर ती लेकीकडं गेलेली. पाहुणे हॉटेलवर उतरले. लुर्देसबाईंनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, की आजचा दिवस विसरणार नाही. मी म्हणाले, मीही नाही.

फव्वाजनं मला गल्लीच्या तोंडाशी सोडलं तेव्हा सूर्य बुडाला होता आणि मगरिबची बांग संपत आली होती. चार मजले मी कसे चढले ते माझ्या गुडघ्यांना विचारा.

दार उघडं होतं. आई कोचाच्या कडेला बसली होती. बाहेर जायची काळी शाल अंगावर, पर्स मांडीवर, पायांत बूट. दोन वर्षं जिला वाकता आलं नाही तिच्या बुटांच्या नाड्या घट्ट बांधलेल्या.

आणि तिच्या पायांशी फरशीवर ऊन पडलं होतं. पिवळं, दुपारचं, ताटाएवढं ऊन. बाहेर दिवे लागले होते.

"आलीस? बरं झालं," ती म्हणाली. "म्हटलं तुला सांगून निघावं. ते म्हणतात, आजच चला."

गच्चीच्या दाराला पडदा आहे, जाड, हिरवा. पडद्याच्या कडेला आमचा आरसा दिसत होता आणि त्याला धरणारा हात. त्या हाताचं मी काही सांगणार नाही. मी एकदाच पाहिला. पडद्यामागं जे उभं होतं त्यानं माझी चाहूल लागताच तोंड भिंतीकडं फिरवलं. घरातली बाई आली की भल्या घरचा परका पुरुष फिरवतो तसंच. मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती त्या सभ्यपणाची. चोराला हाकलता येतं. ज्याला आपणच या म्हटलं, जो आल्यापासून मान खाली घालून बसला, ज्यानं म्हातारीचे पाय शेकले, त्याला कुठल्या तोंडानं हाकलायचं?

फरशीवरचं ऊन हललं. आईच्या पायांवरून उतरून ते दाराकडं सरकलं. आईनं उठण्यासाठी कोचावर हात टेकला. आणि कुबडी न घेता ती उठायला लागली.

मी तिच्या आणि दाराच्या मधे उभी राहिले. उन्हात उभी राहिले, ते गरम होतं.

"आई, बस," मी म्हणाले. "बूट काढ."

"अगं, शब्द दिलाय मी."

"शब्द आधी मी दिला होता. पाहुणे माझे आहेत." मग मी फरशीकडं बघत, पडद्याच्या दिशेनं बोलले. "घरचं एक माणूस आलं की झालं. आई थकलेली आहे, तिला जिना उतरवत नाही. मी येते. उद्या माझी फेरी तिकडंच आहे. दुपारी आत येते."

खाली रसाच्या दुकानात चरक फिरत होता. मग पडद्यामागं खाकरणं ऐकू आलं. एकदाच, निरोप घेतल्यासारखं. फरशीवरचं ऊन विझलं. आरसा गच्चीच्या भिंतीला नीट टेकवून ठेवलेला सापडला, पुसलेला.

आईच्या बुटांच्या नाड्या मला सोडवता आल्या नाहीत. असली गाठ मी कधी पाहिली नव्हती. शेवटी कात्रीनं कापल्या.

७

सकाळी साडेसातला फव्वाजनं खाली हॉर्न वाजवला. मी रात्रभर विचार केला होता. आजारी आहे म्हणून कळवावं, फेरी दुसऱ्या गाईडला द्यावी, आईला घेऊन अलेक्झांड्रियाला मावशीकडं निघून जावं. पण आईला जिना कोण उतरवणार? आणि मी गेले नाही, तर नाही आली म्हणून विचारपूस करायला पाहुणा इथंच येणार. पत्ता त्याला माहीत आहे. माझ्यात पळायचं बळ नव्हतं. खरं सांगते, भीतीपेक्षा थकवाच जास्त होता.

उम्म वजदीला मी किल्ली दिली, औषधं कुठली कधी द्यायची ते लिहून दिलं. आईला सांगितलं, की एखादे वेळी मला रात्री राहावं लागेल. तिनं विचारलं नाही कुठं. तिनं बसबूसा करून डब्यात भरून ठेवला होता, रव्याचा, वर बदाम लावलेला. उभं राहवत नाही तिला, तरी पहाटे ओट्याला टेकून केला. कोणाच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये, ती म्हणाली, नावाड्याच्या लेकीची नात आहेस तू, नाव राख. नात्याची गल्लत तिला कळली नाही आणि मीही दुरुस्त केली नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवला. केसांना तिच्या त्या जुन्या जैतुनाच्या तेलाचा वास होता. मला रडू येत होतं, पण ते तिला दिसू द्यायचं नव्हतं.

मी जिना उतरायला लागले. आई भिंत धरत धरत दारापर्यंत आली होती.

"नजवा," तिनं वरून हाक मारली, "त्यांना माझा सलाम सांग. आणि म्हणावं, पुन्हा या. कधीही या, घर तुमचंच आहे."

तिला गप्प करायला मी मागं वळले. तेवढ्यात खालच्या मजल्यावर, जिन्याच्या वळणाशी, कोणीतरी अदबीनं खाकरलं.